न जुळणारं बाळ

नारळाची एक वाटी खोवून झाली होती, दुसरी अस्मिताच्या हातात होती, तेवढ्यात फोन वाजला. संकष्टी होती. सारण तिच्याकडे आणि उकड माझ्याकडे अशी वाटणी करून मी समोरच्या दारातून त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसले होते. खोबऱ्याच्या हातानेच तिने फोन घेतला आणि खांदा उचलून कानाशी दाबून धरला. "हो... हो मॅडम, बोला... किती?" मग "ठीक आहे" म्हणाली, फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि विळी मिटवली. वाटी अर्धी खोवलेली तशीच राहिली.

देवघरात अरुणाताईंचं अथर्वशीर्ष मध्येच थांबलं. "कोणाचा गो फोन? क्लिनिकचा?"

"हो."

"जुळतो ना?"

"एक जुळतो, आत्या." अस्मिता बेसिनशी जाऊन हात धुवायला लागली. "पण त्याला स्वतःलाच केयूरचा आजार आहे. निरोगी तीन निघाले. त्यांतला एकही केयूरला जुळत नाही."

अरुणाताई सोवळ्यातच बाहेर आल्या. "तू नीट ऐकलं नसशील. परत लाव फोन, माझ्याकडे दे."

"मराठीतच सांगितलं त्यांनी."

"मग परत करायचं. त्यात काय एवढं? डॉक्टर बोलले होते, पहिल्यांदा नाही जमलं तर परत करता येतं."

अस्मिता टॉवेल हातात घेऊन बाल्कनीत गेली, तिथून बेडरूममध्ये, परत बाल्कनीत. तो टॉवेल तिने अर्ध्या तासात तीन ठिकाणी वाळत घातला असेल. त्या दिवशी मोदक मी एकटीने केले.

आता हे सगळं काय, ते सांगायला हवं.

अस्मिता अरुणाताईंची सून, आणि त्याच्या आधीपासूनची भाची. सख्ख्या थोरल्या भावाची एकुलती मुलगी; तो भाऊ आता नाही. म्हणून ती सासूला आई म्हणत नाही, आत्याच म्हणते. देवगडच्या बाजूला त्यांचं गाव. अरुणाताईंचा अभिराम दर मे महिन्यात आंबे खायला आजोळी जायचा, तेव्हापासून सगळं गाव त्याला चिडवायचं, मामाची पोरगी तुझीच रे बाबा. त्यांच्यात हे चालतं, आमच्यातही चालतं. देवक वेगळं, आडनाव वेगळं, म्हणजे रक्त वेगळं, असाच हिशोब पिढ्यान्‌पिढ्या. जबरदस्ती कुणी केली नाही. "मला आवडायचा तो, काकू," असं अस्मिता मला स्वतः सांगते. "फक्त आंबा खाताना बघवत नसे. कोपरापर्यंत रस."

लग्न होऊन ती सीवूड्सला आली. अभिराम महापेला एका कंपनीत आहे. ही बीएस्सी झालेली. घरात बसून काय करायचं, म्हणून संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजी टाकून दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायला लागली. आनुवंशिकतेचा धडा आला की माझ्याकडून बांगड्या मागून न्यायची. लाल बांगड्यांची जोडी, हिरव्यांची जोडी, पिवळ्यांची. पेशी एकाच्या दोन होतात तेव्हा आतल्या सगळ्या बांगड्यांची आधी नक्कल निघते, म्हणून दोन्हीकडे सगळ्या जोड्या पूर्ण. कातडी, हाडं, रक्त असंच वाढतं. पण बीज तयार होताना वाटणी होते. प्रत्येक जोडीतली एकच बांगडी पुढे जाते, आणि कुठली जाणार ते कुणाच्या हातात नसतं. आईची एक, बापाची एक, मिळून मुलाची जोडी. मी दाराशी मटार सोलत ऐकत बसायची. दहावीत मलाही एवढं समजलं नव्हतं.

केयूर सात-आठ महिन्यांचा झाला आणि पांढरा पडायला लागला. दूध ओढताना दमायचा. दृष्ट काढून झाली, टॉनिक झालं. मग एका डॉक्टरांनी आई, बाप आणि मूल तिघांचं रक्त तपासायला पाठवलं, तेव्हा थॅलेसेमिया हे नाव घरात आलं. रक्तातला लाल रंग ज्या जनुकावर चालतो, त्यातच खोट. अस्मिताला फार सांगावं लागलं नाही. तडा गेलेली एक बांगडी अरुणाताईंच्या आईकडे किंवा वडिलांकडे होती. ती अरुणाताईंकडे आली, त्यांच्याकडून अभिरामकडे. तीच बांगडी भावाकडे गेली, त्याच्याकडून अस्मिताकडे. जोडीतली दुसरी धड असल्यामुळे कुणाला कधी काही झालं नाही. डॉक्टर त्याला मायनर म्हणतात. माणूस धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. केयूरकडे दोन्हीकडून तडकलेलीच आली. प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता, आणि ती पहिल्याच खेपेला लागली.

तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. सकाळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवून गोळी द्यायची, कारण बाहेरच्या रक्तातलं लोह अंगात साठत जातं आणि ते काढावं लागतं. बाकीच्या आया मुलांना पालक खा म्हणून मागे लागतात, ही त्याच्या ताटातला पालक काढून घेते. अरुणाताईंच्या आईची बिडाची कढई होती, साठ वर्षं वापरातली. अस्मिताने ती एका शब्दाने न विचारता खाली वॉचमनला देऊन टाकली. अरुणाताईंनी त्यावर पहिल्यांदा आवाज चढवला, आणि दुसऱ्या मिनिटाला गप्प झाल्या. घरची मुलगी घरात आणायची, हा आग्रह त्यांचाच होता. त्या बोलत नाहीत, पण त्यांच्या मनातून ते जात नाही. जपमाळ ओढताना त्यांचं बोट मण्यावर अडून राहतं, मी पाहते.

केयूर आता सहा वर्षांचा. सुई टोचायला सिस्टर आल्या की हा आधी सांगतो, "आज डाव्याची पाळी आहे. मागच्या वेळी उजवा झाला." तिथल्या सगळ्यांचा लाडका आहे. बोलायला लागला की थांबत नाही.

यातून सुटायचा मार्ग एकच, हाडातला मगज बदलणं. मगज सगळ्यात चांगला सख्ख्या भावंडाचा, तोही पूर्ण जुळला तर. म्हणून बेलापूरच्या क्लिनिकचा विचार निघाला. शरीराबाहेर गर्भ तयार करायचे, प्रत्येकाच्या चार-दोन पेशी काढून तपासायच्या, आणि आजार नसलेला, वर केयूरला जुळणारा, असा गर्भ पोटात ठेवायचा. ते बाळ जन्मलं की त्याच्या नाळेतलं रक्त, लागलं तर पुढे मगज, दादाला द्यायचा.

मी देवाधर्माचं करणारी बाई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. पण केयूरच्या पोटावर हात ठेवला की वाढलेली प्लीहा हाताला लागते, ते आठवलं आणि मी तोंड बंद ठेवलं.

अरुणाताईंनी मात्र विचारलं, आणि थेट गावच्या देवीलाच विचारलं. शिमग्याला गेल्या तेव्हा कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघायचं. गुरवाने विचारलं, "दुखणं कसलं?" देवळात धाकटा भाऊ भगवान आणि त्याच्या दोन मुली उभ्या होत्या. अरुणाताई म्हणाल्या, "नातवाचं रक्त कमी पडतं." एवढंच. मग प्रश्न घातला, दुसऱ्या बाळामुळे केयूर बरा होईल का. उजवी पडली. त्या परत आल्या त्या पेढे घेऊनच. दुसऱ्या दिवशी अस्मिताच्या बीजं वाढवायच्या सुया सुरू झाल्या.

त्या सुयांनी तिचं काय झालं तेही मी पाहिलं आहे. बीजं काढल्यावर पोटात पाणी भरलं, श्वास लागायला लागला, दवाखान्यात ठेवावं लागलं. आणि आता हा फोन.

पुढचे दिवस त्या घरात कुणी एका जागी बसत नव्हतं. अभिराम कामावरून आला की बूटही न काढता म्हणायचा, "अजून एक सायकल करू, पहिल्यापासून सगळं. फक्त एक. मी रजा टाकतो."

"रजा टाकून काय करशील? सुया तू टोचून घेशील?"

"घेईन, चालत असतं तर."

"चालत नाही रे. हीच तर गंमत आहे."

असं म्हणून ती चप्पल घालायची आणि निघायची. मला हाक मारायची, "काकू, चला." होल्डिंग पाँडच्या कडेने आम्ही फेऱ्या घालायचो. एरवी मी दोन फेऱ्यांत बसते, पण ती बसूच देत नव्हती. भरतीचं पाणी आत घेतलेलं असायचं, लोक कुत्री फिरवत असायचे, आणि ही माझ्यापुढे दोन पावलं चालत मागे न बघता बोलायची.

"काकू, तुम्हाला कळतंय ना, तो जो जुळला, त्याला केयूरसारखाच आजार आहे. जुळतोही केयूरशीच. म्हणजे तो अगदी केयूरच. त्याला आम्ही नको म्हणायचं. म्हणणारच आहोत, मला कळतं, एका मुलाला इतकं टोचलेलं बघून दुसऱ्याला कोण आणील? पण घरी जाऊन केयूरला जवळ घेते ना, तेव्हा वाटतं, हीच तपासणी सात वर्षांपूर्वी केली असती तर आम्ही यालाही नको म्हटलं असतं."

मी म्हटलं, "असं नको बोलू."

"मग कसं बोलू?"

रोज विष्णुसहस्रनाम म्हणते मी. तेवढ्या सगळ्या नावांत मला त्या दिवशी तिला सांगण्यासारखं एक वाक्य सापडलं नाही. आम्ही आणखी एक फेरी मारली.

शुक्रवारी क्लिनिकला कळवायचं होतं. अभिरामची मीटिंग होती, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. वैष्णवी नावाची एक मुलगी तिथे समजावून सांगायला बसते. माझ्या भाचीच्या वयाची. टेबलावर पाण्याची बाटली आणि कागदी रुमालांचा डबा. डबा अर्धा रिकामा होता, तेवढ्यावरून मला तिच्या कामाची कल्पना आली.

अस्मिताने बसल्या बसल्याच विचारलं, "समजा मी परत केलं. तर हे तीन निरोगी आहेत त्यांचं काय?"

"ठेवता येतात, गोठवून. काही वर्षं. नंतर तुम्ही सांगाल तसं."

"आणि नको म्हटलं तर?"

"तर नाही ठेवत."

"कारण विचारता का? की दादाला जुळत नाही म्हणून नको?"

"नाही विचारत," वैष्णवी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "विचारलं नाही तरी कळतं."

मग तिने कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बघितलं. "अस्मिता, एक सांगा. डोनर म्हणून फक्त तुमचं आणि अभिरामचं तपासलं आहे. दोघांचं अर्धं अर्धं जुळतं. अर्ध्यावरही करतात, पण धोका जास्त. बाकी नातेवाईकांचं का नाही केलं? तुमचं लग्न नात्यातलं आहे. एरवी आम्ही आई-बाप-भावंडं सोडून लांब जात नाही, पण अशा घरात आजी, काका, चुलत भावंडं यांच्यात एखाद वेळेस पूर्ण जुळणारा निघतो. कारण तुमच्या सगळ्यांकडे फिरून फिरून तेच आलेलं असतं. खात्री देत नाही हं. पण न बघता सोडू नये."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"पहिल्याच भेटीत विचारलं होतं. तुम्ही आत रक्त द्यायला गेला होतात. सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, जवळचं कुणी नाही."

अस्मिताने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. भगवानकाका, त्यांची मोनाली आणि धाकटी, तिघं डोळ्यांसमोर उभी राहिली. अस्मिताच्या लग्नात तिच्या मागे करवली होती मोनाली.

रिक्षात ती मीटरवर बोटाने टकटक करत होती, शेवटी रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बिघडेल तो."

घरी अरुणाताई केयूरला मऊ भात भरवत होत्या. केयूर मोबाइलवर गेम खेळत खात होता. अस्मिताने चप्पलही काढली नाही.

"आत्या, तुम्ही सांगितलंत जवळचं कुणी नाही?"

अरुणाताईंनी घास ताटात ठेवला. कबूल करायला त्यांना वेळ लागला नाही. "मोनालीचं जमत आलंय. कुडाळचं स्थळ आहे. तिथे जाऊन तपासणीसाठी तोंडात बोळे फिरवले तर गावभर होईल. मुलाकडचे विचारतील, कशाला? काय सांगू? आमच्या घराण्यात रक्त नासकं आहे?"

"म्हणजे केयूरसाठी माझं पोट चालेल, भगवानकाकांच्या गालातला कापसाचा बोळा चालणार नाही."

"तसं नाही गो."

"कसं मग? आणि मोनाली मायनर असली, तिचा नवराही असला, तर? तिच्या पोटी दुसरा केयूर झाला तर तेव्हा काय सांगणार तिला? आम्हाला माहीत होतं?"

"देवीने कौल दिलाय," अरुणाताईंचा आवाज फुटला. "उजवा दिलाय. दुसऱ्या बाळाने होईल म्हणून दिलाय. तू अजून एकदा कर. मी पाया पडते तुझ्या."

"देवीला काय विचारलंत तुम्ही? केयूरचं विचारलंत. येणाऱ्याचं कुणी विचारलं?"

"जो अजून आलाच नाही, त्याचं काय विचारायचं?"

"मागायचं मात्र त्याच्याकडे आधीपासून."

"हळू ना!" केयूर ओरडला. "मी मरतोय इकडे." गेममधला. तरी अस्मिताने पुढे होऊन त्याला जवळ ओढलं.

त्या संध्याकाळी तिने क्लासची मुलं परत पाठवली. रात्रीच्या जेवणाआधीच अभिरामला सांगून टाकलं. परत सायकल नाही. तीन निरोगी आहेत त्यांतला एक पुढच्या महिन्यात पोटात ठेवायचा. केयूरला भावंड हवं म्हणून नाही, घरात दुसरं मूल हवं म्हणून. केयूरचं वेगळं बघायचं, सगळ्या नात्यात शोधायचं.

अभिराम म्हणाला, "ठीक. पण तिघांतला एक पूर्ण कोरा आहे ना? मायनरही नाही असा. तो तरी घेऊ."

"का? मी मायनर आहे. तू मायनर आहेस. आपल्याला काय झालं?"

"काही नाही झालं?" तो म्हणाला, आणि बाहेरच्या खोलीकडे बघितलं. तिथे केयूर झोपला होता.

हे तिनेच मला सांगितलं. शेवटी दोघांनी डॉक्टरांवर सोडलं. वाढीला जो चांगला दिसेल तो ठेवा. कुठला ठेवला ते आम्हाला आत्ता सांगू नका.

ती बरोबर करते आहे का, हे मला आजही कळत नाही. जुळणारं मूल आणलं असतं तर त्याच्यावर माया केलीच असती की या घराने. औषध म्हणून बोलावलं म्हणून कुणी त्याला औषधासारखं थोडंच वागवलं असतं? आणि दुसऱ्या खेपेस निरोगी आणि जुळणारा मिळाला असता, तर केयूर सुटला असता. हे म्हणणाऱ्या अरुणाताई राक्षसीण नाहीत, आजी आहेत. पण अस्मिताचं पोट पाण्याने फुगलेलं मी पाहिलं आहे, आणि ज्या मुलाला येण्याआधीच काम नेमून दिलं आहे त्याच्याकडे बघायचं कसं, हा तिचा प्रश्नही मला खोडता येत नाही. दिवा लावताना तेलाचा थेंब सांडतो. पुसते आणि परत लावते.

त्यानंतर काही दिवस अरुणाताई सुनेशी बोलल्या नाहीत. मध्ये केयूरला घालायच्या. "केयूर, आईला सांग चहा झालाय." तो दोन पावलांवर बसलेल्या आईला मोठ्याने सांगायचा, "आई, आजी म्हणते चहा झालाय. आजी, आई म्हणते ठेवा. मी जाऊ का आता?"

क्लिनिकने नमुने घ्यायची पाकिटं पाठवली. कापसाच्या लांब काड्या, प्रत्येकावर नाव लिहायला जागा. अस्मिताने ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि क्लास घ्यायला बसली. मी भाजीची वाटी द्यायला गेले, तर अरुणाताई एक पाकीट हातात घेऊन खिडकीशी उभ्या होत्या, चष्मा कपाळावर.

"किती वेळ फिरवायचा गो हा?" त्यांनी मला विचारलं. मी अस्मिताकडे बघितलं. ती मुलांमधून उठून आली, काडी काढली आणि म्हणाली, "तोंड उघडा, आत्या."

अरुणाताईंनी डोळे मिटून तोंड उघडलं. काडी बाहेर आल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "भगवानकडे मी येणार नाही. माझ्याने त्याच्याकडे बघवणार नाही."

"मी कुठे म्हटलं या?"

"आणि मोनालीच्या आईसमोर बोलू नको. ती सगळ्या वाडीला सांगेल."

"मोनालीशी माझं बोलणं झालंय. ती म्हणाली, ताई, आधी माझंच घे. आणि कुडाळवाल्यांना काय सांगायचं ते मी बघते."

अरुणाताई खुर्चीवर बसल्या. सतरंजीवरची मुलं वह्यांत डोकं घालून सगळं ऐकत होती. अस्मिताने पाकिटावर सासूचं नाव लिहिलं, तारीख घातली आणि उरलेली तीन पाकिटं प्लॅस्टिकच्या डब्यात भरून प्रवासाच्या बॅगेत वरच ठेवली.

शनिवारी सकाळी ती पनवेलहून कणकवलीची गाडी पकडणार आहे. तिथून एसटीने गावी जाऊन भगवानकाका, मोनाली आणि धाकटीच्या गालांचे नमुने घ्यायचे, आणि सोमवारी बेलापूरला नेऊन द्यायचे.